‘मातीतला आवाज’ म्हणू नका, तालमीतला म्हणा

टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागलेली असली आणि तिच्यात एखादं गावाकडचं लेकरू असलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं. लेकरू गाऊन थांबतं, टाळ्या होतात, परीक्षकाच्या खुर्चीतून कुणीतरी म्हणतं, ‘हा मातीतला आवाज आहे, ही देवाची देणगी आहे.’ आपण घरी बसून मान डोलवतो. डोळ्यांत पाणीही येतं. मला मात्र अलीकडं या वाक्याचा राग येतो. तो का येतो, ते सांगायला ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मी कार्तिकी गायकवाडचा चाहता आहे. आजचा नाही, 2008 पासूनचा. झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ सुरू होतं. पल्लवी जोशी सूत्रसंचालन करायच्या, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. शेवटपर्यंत पोचलेली पाच लेकरं नंतर ‘पंचरत्न’ म्हणून ओळखली गेली. पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे, आपल्या लातूरचा रोहित राऊत आणि आळंदीची कार्तिकी. महाअंतिम सोहळा 8 फेब्रुवारी 2009 ला झाला आणि कार्तिकी जिंकली. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती.

ते भारनियमनाचे दिवस होते. ज्यांच्याकडं इन्व्हर्टर होता त्यांच्या घरी गल्ली जमायची. रोहितला मत द्यायचं, कारण तो मराठवाड्याचा, का गाणं म्हणून कार्तिकीला द्यायचं, यावरून चहाच्या टपरीवर भांडणं व्हायची. लातूर म्हणजे आपलंच. अंबाजोगाईहून निघालं की तासा-दीड तासात लातूर. रोहितचा आवाज मलाही आवडायचा. पण माझं मत कार्तिकीला होतं आणि त्याबद्दल मी पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. ‘मराठवाड्याचा असून आळंदीला मत देतो’ असं तोंडावर म्हणणारे होते. आळंदीला मत देणं हा गुन्हा असेल तर दरवर्षी आषाढीला निम्मा बीड जिल्हा गुन्हेगार ठरतो, असं मी म्हणायचो.

तिच्या गाण्यात काय होतं, ते नीट सांगायला पाहिजे. नाहीतर चाहता म्हणजे नुसता ‘वा वा’ करणारा, असा समज होतो.

पहिली गोष्ट आवाजाची फेक. अभंग किंवा गवळण सुरू केली की तिचा आवाज माइकवर अवलंबून आहे असं वाटायचंच नाही. माइक काढून घेतला असता तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला असता. हा आवाज मंडपाचा आहे. सप्ताहात समोर दोन-तीन हजार माणसं, बाजूला टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मृदंग दणक्यात चाललेला, भोंगा कधी चालू कधी बंद. त्यातून शब्द पलीकडं न्यायचा असेल तर गळा उघडूनच गावं लागतं. शहरात ऐकणारा म्हणतो, ‘खडा आवाज.’ आपल्याकडं त्याला ‘आवाज लागला’ म्हणतात. दोन्हींत फरक आहे. खडा हा आवाजाचा गुण झाला. लागणं ही क्रिया आहे, रोज पहाटे काकड्याला उठून करायची.

दुसरी गोष्ट शब्द. कार्तिकीचा एकही शब्द कधी गिळला गेला नाही. अभंगात शब्दच मालक असतो. तानेत शब्द हरवला तर फडावरची म्हातारी माणसं मान फिरवून घेतात. गवळणीत तर त्याहून अवघड, तिथं गाता गाता बोलायचंही असतं. राधेचा रुसवा, गौळणीची तक्रार, कृष्णाची खोडी, हे सगळं आवाजातून दिसलं पाहिजे आणि ताल तसूभर हलता कामा नये. हे दहा वर्षांची पोरगी करत होती. गाताना तिचा हात आपोआप वर जायचा, मान किंचित कलायची. कुणी शिकवलेला अभिनय वाटायचा नाही तो. कीर्तनात उभं राहून गाणाऱ्यांचा हातच तसा जातो.

तिसरी गोष्ट लय. मागं वाद्यवृंद होता, कीबोर्ड होता, पॅड होते. ती मात्र मागं टाळकरी उभे असल्यासारखी गायची. चरण संपला की जी जागा सोडायची, ती मृदंगाच्या बोलासाठी सोडलेली असायची. कुणी ती भरो न भरो. फडावर वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मी तज्ज्ञ नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण वीसेक वर्षं सप्ताहाच्या बातम्या करतोय. बातमीसाठी गेलो तरी कान घरी ठेवून जाता येत नाही.

आणि जे आवडलं नाही तेही सांगतो. फेरीचा विषय सिनेमाचा असला की कार्तिकी मला कमी आवडायची. गाणं नीटच असायचं, सुरात असायचं. पण तिच्या गळ्याला जे उड्डाण पाहिजे ते त्या चालींत नव्हतं. बैलगाडीच्या वाटेवरच्या सवारीला पेठेतल्या गल्लीत चालवावं, तसं व्हायचं. असल्या स्पर्धांचा नियमच असा की सगळ्यांनी सगळं गायचं. मात्र हा नियम एकाच दिशेनं चालतो. लोकगीत गाणाऱ्यानं सिनेमाचं गाऊन दाखवायचं, तेव्हा त्याची परीक्षा. सिनेमाचं गाणाऱ्याला एखाद्या भागात भारूड गायला लावतात, तेव्हा ती गंमत. फेटा बांधून, कपाळाला गंध लावून.

आता मूळ मुद्द्याकडं.

कार्तिकी जिंकली तेव्हा एक वाद झाला, आठवत असेल. ‘गाणं आर्याचं चांगलं, मतं कार्तिकीला पडली’ असं म्हणणारे बरेच होते. परीक्षक ‘ध’ देतात, ‘नी’ देतात ते ठीक, पण शेवटी एसएमएस कुणाचे जास्त? मग गावाकडच्या लोकांनी भावनेच्या भरात मतं दिली, वारकऱ्यांनी दिली, वगैरे. आर्या फारच सुंदर गायची, आजही गाते, त्याबद्दल वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आर्याबद्दल बोलताना लोक काय म्हणायचे? आईकडून शिकली आहे, घरात शास्त्रीय संगीत आहे, पक्की तालीम आहे. खरंच आहे, तिच्या आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका आहेत. आणि कार्तिकीबद्दल? मातीतली आहे, उपजत आहे, माउलीची कृपा आहे.

अहो, तीही वडिलांकडून शिकली होती! कल्याणजी गायकवाड स्वतः गायक आहेत, संगीतकार आहेत. घरात पेटी होती, रियाज होता, चुकलं की थांबवणारं माणूस होतं. एकीनं आईकडून घेतलं, दुसरीनं वडिलांकडून. एकीच्या शिकण्याला आपण तालीम म्हणलं आणि दुसरीच्या शिकण्याला माती. दोघींच्याही घरात तेवढाच घाम गाळला गेला असेल, पण एकीचाच हिशेबात धरला.

कुणी म्हणेल, हा शहर आणि खेडं असा भेद आहे. तेवढा सोपा नाहीये तो. प्रथमेश लघाटे कुठला? आरवली. संगमेश्वर तालुक्यातलं खेडंच ते. पण तो नाट्यगीतं गायचा, शास्त्रीय ढंगाचं गायचा. त्याला कुणी ‘मातीतला आवाज’ म्हणल्याचं मला तरी आठवत नाही. त्याच्या गाण्यात लोकांना अभ्यास ऐकू यायचा. म्हणजे प्रश्न माणूस कुठून आला हा नाही, तो काय गातो हा आहे. नाट्यगीत शिकावं लागतं, हे सगळ्यांना मान्य आहे. गवळण, भारूड, पोवाडा, गोंधळ हे शिकावं लागतं, हे मान्य करायला कुणी तयार नाही. ते जणू पावसाळ्यात उगवतं, गाजरगवतासारखं.

आपल्या जिल्ह्यात हे कसं शिकलं जातं, हे मी बाहेरच्या मित्रांसाठी लिहितो. तुम्हाला माहीत आहेच. आपली गाण्याची शाळा म्हणजे हरिनाम सप्ताह. पहाटे काकडा, सकाळी पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. आठ दिवस. भगवानगड, गहिनीनाथगड, नारायणगड, त्यांच्या भोवतीची शेकडो गावं, आणि प्रत्येक गावाचा स्वतःचा सप्ताह. पोरगं आधी टाळ धरतं. ताल चुकला की शेजारचा माणूस कोपर मारतो. ही पहिली परीक्षा, आणि तिथं एसएमएस नसतो. मग हळूहळू चाल म्हणायला पुढं येतं. ज्याच्या गळ्यात काही आहे असं दिसलं, त्याला आळंदीला पाठवतात. तिथं जोग महाराजांनी 1917 साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्था आहे, आणि गल्लोगल्ली लहानमोठ्या संस्था आहेत. मराठवाड्यातली किती पोरं तिथं माधुकरी मागून शिकली, त्याची गणती नाही. पोरी कमी जातात. आता जायला लागल्यात, पण कमीच.

पाटोदा तालुक्यातल्या एका गायनाचार्यांना मी एकदा विचारलं, किती वर्षं शिकलात? म्हणाले, ‘शिकायला गेलो तेव्हा मिसरूड नव्हतं, आता दाढी पांढरी झाली. अजून गुरुजींसमोर तोंड उघडायची भीती वाटते.’ एकेका अभंगाच्या चार-चार चाली त्यांना येतात. रूपाच्या अभंगाची चाल कुठली, काल्याची कुठली, दिवसाच्या कुठल्या प्रहरी काय लावायचं, सगळं डोक्यात. वहीत काहीच नाही. याच माणसानं हे सगळं एखाद्या गवयाकडं बसून केलं असतं, तर आपण त्यांना पंडित म्हणलं असतं. आता म्हणतो, ‘महाराजांच्या मागं उभं राहून गातात ते.’

सप्ताहाची पत्रिका बघा कधी. कीर्तनकारांचे फोटो वर, रंगीत, मोठे. देणगीदारांचे त्याहून मोठे. पुढाऱ्यांचे विचारूच नका. खाली, एकदम खाली, बारीक टाइपात एक ओळ असते: गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार. काही पत्रिकांत तर नुसतं ‘व परिसरातील भजनी मंडळ’. नामांकित महाराजांची तारीख वर्षभर आधी धरावी लागते आणि पाकीटही तसंच जाड असतं. गायनाचार्याला काय देतात, ते इथं लिहीत नाही. आपल्याच गावाची लाज काढल्यासारखं होतं. देताना वाक्य तेच असतं, ‘तुमची तर देवाची देणगी आहे महाराज, सेवा म्हणून घ्या.’

माझा राग इथून सुरू होतो. एखाद्या कलेला देणगी म्हणलं की मोबदल्याचा प्रश्न मिटतो. शिकवणाऱ्याचा पगार, पोराच्या शिकण्याचा खर्च, रियाजाची जागा, सगळं मिटतं. देवानं फुकट दिलंय, मग आपण पैसे कशाला द्यायचे?

टीव्हीवाले याच्यावर आणखी एक थर चढवतात. गाण्याच्या आधी एक छोटी फिल्म दाखवतात, धंद्याच्या भाषेत ‘एव्ही’. शहरातल्या लेकराच्या एव्हीत तानपुरा, गुरू, बक्षिसांचं कपाट. गावाकडच्या लेकराच्या एव्हीत पत्र्याचं घर, चूल, आईचे हात, वडलांचे पाय. कॅमेरा हातापायांवरून हलत नाही. त्या घरात पेटी असली तरी ती दिसत नाही, चूल दिसते. शिकवणारा कुणी असेल तर त्याला एक वाक्यही मिळत नाही. 2020 च्या फेब्रुवारीत ‘इंडियन आयडॉल’चं अकरावं पर्व संपलं. भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी जिंकला. त्याचं बूट पॉलिश करणं देशाला पाठ झालं. तो नुसरत फतेह अली खान यांची गाणी कशी घोटत बसला असेल, एवढी अवघड गायकी कानानं कशी उचलली असेल, हे मला ऐकायचं होतं. ते फारसं कुणी विचारलं नाही. आणि त्याच पर्वात उपविजेता कोण? आपला रोहित राऊत. 2009 मध्ये महाराष्ट्रभर नाव झालेला पोरगा दहा वर्षांनी पुन्हा स्पर्धेच्या रांगेत उभा राहिला. त्याला कमीपणा आणायला हे लिहीत नाही, उलट त्याच्या हिमतीला सलाम. पण जो टीव्हीवरून एवढा गाजला त्यालाही पुन्हा टीव्हीचंच दार ठोठवावं लागतं, तर ज्याचं नाव पत्रिकेच्या खालच्या ओळीत आहे त्यानं कुठं जायचं?

2023 चं लिटिल चॅम्प्स मी परत तेवढ्याच आवडीनं बघितलं. कोपरगावची गौरी अलका पगारे जिंकली. कोपरगाव नगर जिल्ह्यात, म्हणजे शेजारच्याच. आईचं नाव लावणारी पोरगी. तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातला घास तसाच धरून बसलो होतो. जयेश खरेही त्याच पर्वात होता. वर्गात गातानाचा त्याचा व्हिडिओ मोबाइलवरून गावोगाव फिरला, मग अजय-अतुल यांनी त्याला ‘महाराष्ट्र शाहीर’ या सिनेमात गायला बोलावलं. शाहीर साबळ्यांवरच्या सिनेमात हे लेकरू गायलं, याचा मला फार आनंद झाला. पण तेव्हाही आपल्याकडच्या जिल्हा पानांवर मथळे तेच होते, हलाखीवर मात, परिस्थितीशी झुंज. मथळ्यात गाणं नव्हतंच. एखादीचा खटका कसा पडतो, एखाद्याचा श्वास चरणाच्या मध्ये कुठं तुटतो आणि कुठं तुटत नाही, याच्यावर एक ओळ नाही. क्रिकेटपटूच्या गरिबीवर आपण लिहितो, पण त्याचा स्क्वेअर ड्राइव्ह कसा होता हेही लिहितो ना?

कुणी म्हणेल, टीव्हीमुळं निदान ही लेकरं पुढं तरी आली, त्याला कशाला नावं ठेवता? नाही ठेवत. कार्तिकीमुळं गवळण बैठकीच्या खोलीत आली, हे खरं आहे. सोफ्यावर बसून भारूड ऐकणारी पिढी त्या कार्यक्रमानं तयार केली. माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत तिच्यामुळं पोरीला पेटीच्या क्लासला घातलं. हे थोडं नाही. पण टीव्ही एका हंगामात एक लेकरू उचलतो. बाकीच्यांची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, ती आपली आहे. जिल्ह्याची आहे.

मग जिल्हा काय करतो?

शाळेपासून बघू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, म्हणजे कार्तिकी जिंकली त्याच वर्षीचा. त्यात लिहिलंय, सहावी ते आठवीत शंभराहून जास्त पोरं असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत. कागदावर आहे. पण आपल्याकडं कला म्हणजे चित्रकला, फार झालं तर 15 ऑगस्टचं समूहगीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पेटी कुठं आहे, शोधून दाखवा. बऱ्याच ठिकाणी असलीच तर कपाटात, भाता उंदरांनी खाल्लेली. आणि त्याच गावात, शाळेपासून दोनशे पावलांवर, मारुतीच्या पारावर एक मृदंगाचार्य बसलेला असतो. डी.एड., बी.एड. नाही म्हणून तो शाळेत चालत नाही.

पुढचं टोक बघा. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं आता ती योजना आहे. आधी राष्ट्रीय पातळीवरच्या कलावंताला 3,150, राज्य पातळीवरच्याला 2,700 आणि स्थानिकाला 2,250 रुपये महिना अशी उतरंड होती. 2024 पासून सरसकट 5,000 रुपये झालं, चांगलं झालं. पण वयाची अट पन्नास. म्हणजे सरकारला कलावंत पन्नाशीनंतर दिसतो. अकराव्या वर्षी ज्या पोरीचा गळा तयार आहे ती आणि पन्नाशीचा तो म्हातारा, यांच्यामध्ये जी चाळीस वर्षं आहेत, त्यांत काय आहे? काहीच नाही. त्या चाळीस वर्षांत आपल्या जिल्ह्यातली निम्मी गाणारी माणसं कोयता घेऊन जातात. दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरायला लागतात, मार्च-एप्रिलला परत. फडावर कोपी, पहाटे तीनला ऊस तोडायला उठायचं. फड हा शब्द बघा कसा आहे, गाण्याचाही फड आणि उसाचाही फड. लेकरू सोबत असतं. रियाज म्हणजे रोज, एका जागी, एका वेळेला. सहा महिने ज्याला जागाच नाही त्यानं रियाज कुठं करायचा? मग एखादं तसंही गाऊन जातं आणि आपण म्हणतो, देवाची देणगी!

जिल्ह्यातलं आणखी एक उदाहरण द्यायचा मोह होतोय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी पॉइत्वाँ यांनी 1987 च्या सुमारास जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या एक हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. 1996 मध्ये ही मंडळी आपल्या माजलगावला आली होती. तिथल्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या, बुद्धावरच्या, भावाबहिणीच्या ओव्या अशा गायल्या की त्यांची ध्वनिफीत करून ठेवली. ती आज ‘पारी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येते. एका बैठकीला कित्येक ओव्या, एकीनं उचलली की दुसरीनं जोडायची. यातल्या एकीलाही कुणी कधी गायिका म्हणलं नसेल. आईकडून, सासूकडून, जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून शिकलेल्या त्या. जात्याच्या घरघरीवर आवाज लावायचा, हात थांबू द्यायचा नाही, ओवी जुळवायची. ही तालीम नाही तर काय आहे? आणि ही ऐकायला पुण्याहून माणसं यावी लागली.

मला फार मोठं काही मागायचं नाही. बीडला संगीत विद्यापीठ काढा, असं मी म्हणत नाही. कोनशिला बसेल, पुढं काही होणार नाही, आपल्याला अनुभव आहे. रेल्वेची वाट आपण किती वर्षं बघितली! 17 सप्टेंबर 2025 ला बीडहून नगरला गाडी सुटली, तेव्हा म्हातारी माणसं नुसती बघायला आली होती. त्यामुळं लहान आणि लगेच होणारं मागतो.

गावातल्या गायनाचार्याला, मृदंगाचार्याला, शाहिराला, गोंधळ्याला आठवड्यातून दोन तास शाळेत बोलवा आणि तासाचे पैसे द्या. पदवी मागू नका, त्याचा गुरू कोण ते विचारा, गावाला विचारा. जिल्हा नियोजन समितीत कोट्यवधींचे आराखडे मंजूर होतात. एवढी रक्कम त्यात चहापाण्याच्या खात्यातही निघेल. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहांत एक पेटी, एक मृदंग आणि संध्याकाळचा एक तास ठेवा. पोरींच्या वसतिगृहात आधी ठेवा, कारण पोरांना निदान सप्ताह तरी आहे. आणि मानधनाची पन्नास वर्षांची अट म्हातारपणाच्या आधारासाठी असेल तर असू द्या, पण जो आज चार लेकरांना शिकवतोय त्याच्यासाठी दुसरं काहीतरी काढा. शिकवण्याचे पैसे, म्हातारपणाचे नव्हे.

आमदार-खासदारांच्या कार्यालयातली मंडळी ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. वाढदिवसाच्या ऑर्केस्ट्राला मुंबईहून कलाकार येतात, येऊ द्या. त्याच स्टेजवर जिल्ह्यातली एक भजनी मंडळी अर्धा तास, पूर्ण मानधन देऊन. आणि बॅनरवर नाव, फोटोसकट.

सप्ताह कमिटीवाल्यांना वेगळं सांगतो, कारण तिथं सरकारची गरजच नाही. यंदाची पत्रिका छापाल तेव्हा गायनाचार्य आणि मृदंगाचार्य यांची नावं वरच्या भागात घ्या. नावापुढं ते कुणाकडं शिकले, हेही लिहा. शास्त्रीय मैफलीच्या पत्रिकेत लिहितात ना, अमुक घराणं, अमुक बुवांचे शिष्य? तसंच. एक ओळ जाते. छपाईचा खर्च वाढत नाही, मी छापखान्यात विचारून आलोय.

आणि जे नुसते वाचताहेत त्यांनी एवढं करा. तुमच्या गावात कोण गातं, आणि ते कुणाकडं शिकलं, हे खाली कमेंटमध्ये लिहा. ‘छान आवाज आहे’ एवढं लिहू नका. गुरूचं नाव पाहिजे, गाव पाहिजे, किती वर्षं शिकले ते पाहिजे. बाई असेल तर आवर्जून लिहा, त्यांची नावं पत्रिकेवर अजिबातच नसतात. मी तालुकावार यादी करतोय. गेवराई आणि शिरूर कासारची बरीच जमली आहे. आष्टी, वडवणी आणि धारूरकडून अजून काहीच नाही.